हुआ हिनचा दुभाष्या

ताउनो थायलंडमधल्या हुआ हिनला आला तो समुद्राच्या ओढीनं नव्हे. त्याला थंडीपासून सुटका हवी होती, बस्स. फिनलंडच्या उत्तरेला केमी नावाच्या गावात रस्त्यावरचा बर्फ सारणारी गाडी चालवण्यात त्याचा उभा जन्म गेला. गुडघे कामातून गेले, पेन्शन लागली, बायको तर केव्हाच दुसऱ्याकडे निघून गेली होती. सुट्टीवर म्हणून आलेला हा माणूस मालिवानच्या भाजक्या कोंबडीच्या गाडीपाशी रोज जेवायला बसू लागला आणि परत गेलाच नाही. मालिवान विधवा, जिभेची तिखट. तिनं त्याला थाई भाषा शिकवली ती शिव्यांपासून. लग्नाचा विषयही तिनंच काढला. "रोज बसतोसच इथे, म्हाताऱ्या. मग नवरा होऊन बस. निदान लसूण तरी सोलशील."

पर्यटक पोलिसांत त्याची वर्णी लागली ती अशीच बसल्या जागी. चौकीत एक फिनिश बाई पर्स चोरीला गेली म्हणून रडत होती आणि तिचं कुणालाच काही कळत नव्हतं. हवालदार सुरासाक नेहमीसारखा कोंबडी न्यायला आला होता. त्यानं विचारलं, "मावशी, तुमचा हा म्हातारा कुठल्या मुलखाचा?" त्या दिवसापासून ताउनो चौकीचा झाला. पगार नाही, बंदूक नाही. पाठीवर 'स्वयंसेवक' लिहिलेला काळा सदरा तेवढा मिळाला. चौकीत असे आणखीही परदेशी होते. कुणी जर्मन, कुणी इंग्रज, एक रशियन बाई. संध्याकाळी बाजारातून फेरी मारायची, दारू पिऊन भांडणाऱ्यांना वेगळं करायचं, मोटारसायकलवरून पडलेल्यांबरोबर दवाखान्यात जायचं.

वाईट बातमी सांगायची वेळ आली, की सुरासाक ताउनोलाच बोलवायचा. इंग्रज गृहस्थ गोल गोल फिरवत बसायचे, जर्मन खांदे थोपटायचा आणि स्वतःच रडायचा. ताउनो समोर बसून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, सरळ सांगायचा. "तुझा भाऊ गेला. ट्रकखाली आला. मी इथेच आहे." समोरच्यानं टाहो फोडला तरी हा हलायचा नाही. सांगितलं तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही आणि गाळायचंही नाही, ही त्याची रीत. अशी वर्षं गेली.

डिसेंबरात वारा फिरतो आणि आखाताचं पाणी खवळतं. किनाऱ्यावर लाल बावटे लागतात. त्या मोसमात काउको आपल्या मुलीला घेऊन आला. काउको फिनलंडमधल्याच कायानीचा, लाकडाच्या वखारीत काम केलेला, ताउनोच्याच वयाचा. मुलगी वेन्ला, एकुलती एक, उशिरा झालेली, नुकतीच नर्स झालेली. बायको हिल्क्का पायाचं हाड मोडून घरी पडलेली होती. तिनंच दोघांना आग्रहानं पाठवलं होतं. एके सकाळी बाप खोलीत दाढी करत होता आणि वेन्ला पोहायला गेली. तिचा टॉवेल वाळूत सापडला, चपला सापडल्या. ती सापडली नाही.

ताउनो पोचला तेव्हा काउको कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि दोन जीवरक्षक त्याला मागे ओढत होते.

"मी ताउनो," तो फिनिशमध्ये म्हणाला. "केमीचा. बाहेर ये."

आपली भाषा ऐकताच काउकोचं अंग सैल पडलं. आमच्यात अनोळखी माणसालाही एकेरीच हाक मारतात, असं ताउनो मालिवानला सांगायचा. त्या दिवशी त्या एकेरीनं काउकोला हाताला धरून बाहेर आणलं.

त्यानंतर काउकोनं त्याला सोडलं नाही. शोधाच्या होड्या फिरत होत्या, नौदलाचं एक जहाज आलं, पाणबुडे आले. हा माणूस वाळूत बसून होता आणि दर थोड्या वेळानं विचारत होता, "काय म्हणतात?" ताउनो सांगायचा, "अजून काही नाही." पहिल्याच संध्याकाळी सुरासाक हळूच म्हणाला होता, "काका, ह्या पाण्यात कुणी रात्र काढत नाही. तुम्हाला माहीत आहे." माहीत होतंच. पण काउकोनं त्या वेळी विचारलं नाही, म्हणून ताउनोनं सांगितलं नाही.

मग एका दुपारी सुरासाक टोपी काढून समोर आला. "काका, सांगून टाका त्यांना. शोध आज थांबवतोय. प्रवाह दक्षिणेकडे ओढतोय. आता मासेमारांच्या जाळ्यात काही आलं तर येईल, नाहीतर... सांगा तुम्ही. तुम्ही सांगता ते माणूस ऐकतो."

काउको दोघांच्या तोंडाकडे पाहत होता. दाढीची एकच बाजू केलेली, तशीच राहिलेली. "काय म्हणाला?"

ताउनोनं तोंड उघडलं. आजवर कितीदा केलेलं काम. तुझी मुलगी गेली. मी इथेच आहे. शब्द तयार होते. काउकोनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं.

"म्हणतो," ताउनो म्हणाला, "शोध दक्षिणेकडे न्यायचा. प्रवाह तिकडे जातो."

"म्हणजे वाहत गेली असेल? पलीकडे कुठे बाहेर निघाली असेल?"

"असू शकतं."

"तो म्हणाला असं?"

"हो."

सुरासाकनं काउकोच्या चेहऱ्यावर हसू फुटताना पाहिलं आणि तो गोंधळला. त्याला वाटलं, परदेशी माणसं दुःखात अशीही हसत असतील. त्यानं हात जोडून वाकून नमस्कार केला आणि तो निघून गेला.

घरी ताउनोला ताटावर बसवेना. मालिवाननं खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. तिनं हातातला सुरा फळीवर आपटला.

"खुळ्या! मेलेल्याची आस लावून दिलीस?"

"एक दिवस. उद्या सांगतो. एक रात्र तरी झोपू दे त्याला."

"आणि उद्या तोंड कुठून आणशील?"

दुसऱ्या दिवशी काउको सकाळीच चौकीबाहेर उभा होता. गुळगुळीत दाढी, स्वच्छ शर्ट. "होड्या कुठून निघणार? मी जाणार त्यांच्याबरोबर." ताउनो म्हणाला, पोलिसांच्या होडीत नातेवाइकांना घेत नाहीत. काउको म्हणाला, मग पोहत जातो. तो खरंच पाण्याकडे निघाला. तेव्हा ताउनोच्या तोंडून निघून गेलं, "थांब, उद्या आपण आपली होडी करू."

मालिवानचा भाचा डेचा ताकियाब टेकडीखालच्या धक्क्यावरून माकुळ धरायला जायचा. ताउनोनं त्याला गळ घातली. डेचा लगेच हो म्हणाला. बुडालेली परदेशी पोरगी सगळ्या धक्क्याला माहीत होती. "नेतो ना काका. बाप आहे तो. बापानं जायलाच पाहिजे. मावशीला सांगा, काळजी करू नको."

निघायच्या दिवशी काउको धक्क्यावर आला तो हॉटेलातली जाड चादर काखोटीला मारून. हातात थर्मास होता आणि पिशवीत वेन्लाच्या चपला.

"कुडकुडत असेल," तो म्हणाला. "लहानपणापासून तिला थंडी लवकर बाधते."

डेचानं चादर पाहिली आणि मान डोलावली. "बरं केलंत आजोबा. गुंडाळायला काहीतरी लागतंच."

"काय म्हणतो?" काउकोनं विचारलं.

"म्हणतो, बरं केलंस."

होडी टेकडीला वळसा घालून निघाली. काउको पुढच्या टोकाला, नाळेवर, गुडघे टेकून बसला होता. लाट अंगावर आली तरी त्याला शुद्ध नव्हती. मधूनच दोन्ही हात तोंडाशी धरून तो हाक मारायचा, "वेन्ला! वेन्लाऽऽ!" किनाऱ्यावरची झाडी दिसली की डोळे ताणून बघायचा. ताउनो मागे बसून होता. आता सांगावं, त्या खडकापाशी सांगावं, होडी वळली की सांगावं. प्रत्येक वेळी तो पुढची खूण शोधायचा.

किनारा धूसर झाला तेव्हा डेचानं इंजिन बंद केलं. ताउनोला वाटलं, बिघडलं काही. डेचानं आडोशाला ठेवलेली टोपली काढली. तिच्यात भाताचा पुडा होता, झेंडूची माळ होती, उदबत्त्या होत्या. त्यानं उदबत्त्या पेटवल्या, दोन्ही हातांत धरून कपाळाला लावल्या आणि पाण्याकडे तोंड करून तो मोठ्यानं बोलू लागला.

काउको वळला. "हा काय करतोय?"

ताउनो उदबत्त्यांच्या धुराकडे बघत राहिला.

"कुणाशी बोलतोय? ताउनो, काय म्हणतोय तो?"

आणि ताउनोनं भाषांतर केलं. शब्दाला शब्द, जसं तो नेहमी करायचा. "म्हणतोय, पोरी, तुझे बाबा आलेत. घाबरू नकोस. आता ह्या पाण्यात राहू नकोस, खूप झालं. वर ये. आम्हाला दिस. बाबांबरोबर घरी जा."

क्षणभर काउकोचा चेहरा उजळला. मग त्यानं उदबत्त्यांकडे पाहिलं. डेचा माळ पाण्यात सोडत होता.

"हे कुणासाठी करतात?"

"गेलेल्यांसाठी."

होडी हेलकावत होती. माळ दूर जाईपर्यंत काउको बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "ह्याला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे. शोध त्याच दुपारी थांबला. हवालदारानं मला सांगायला सांगितलं होतं. मी... माझ्यानं झालं नाही."

ताउनोला वाटलं, हा मारेल. त्यानं मारावं असंही वाटलं. पण काउकोनं चादर नीट केली, घडी घातली, पुन्हा उलगडली.

"मी हिल्क्काला फोन केला होता," तो म्हणाला. "त्याच संध्याकाळी. म्हटलं, पोरगी बाहेर निघाली असणार, पोलिसच म्हणतात. ती तोवर पाणीसुद्धा घेत नव्हती. शेजारीण सांगत होती, त्या दिवशी जेवली. काल तिनं वेन्लाची खोली झाडून घेतली कुणाकडून तरी."

"काउको..."

"माझ्याशी बोलू नकोस."

डेचा थाईत विचारत होता, "काका, काय झालं? माझं काही चुकलं का?" ताउनोनं हातानंच होडी मागे वळवायची खूण केली.

धक्क्याला लागल्यावर काउको जाळ्यांच्या ढिगावर बसला आणि त्यानं घरी फोन लावला. ताउनो दूर उभा राहिला, पण फार दूर जाता आलं नाही. हा पाण्यात गेला तर, ही भीती होती. काउको दोनच वाक्यं बोलला. मग फोनमधून एका बाईचा आवाज आला. ताउनोनं थाईत, रशियनमध्ये, जर्मनमध्ये माणसं रडताना ऐकली होती. आपल्या भाषेत असं ओरडणं त्यानं ऐकलं नव्हतं. "तूच म्हणालास! तूच म्हणालास ना!" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. जाळी साफ करणाऱ्या बायकांनी हात थांबवले. त्यांना शब्द कळत नव्हते, तरी एकीनं डोळ्याला पदर लावावा तशी सदऱ्याची बाही लावली.

वेन्ला सापडली ती पुढच्या आठवड्यात, दक्षिणेला, खेकडे धरणाऱ्यांच्या होडीला. ओळख पटवताना दुभाष्या हवा म्हणून सुरासाकनं ताउनोला बोलावलं. दवाखान्याच्या ओसरीत काउको उभा होता. ताउनोला पाहताच त्यानं खिशातून फोन काढला, त्यात काहीतरी बोलला आणि तो सुरासाकपुढे धरला. यंत्रातल्या बाईचा थाई आवाज आला, "हा माणूस नको. हा खोटं सांगतो."

सुरासाकनं ताउनोकडे पाहिलं. "काका, हे काय म्हणतं?"

"बरोबर म्हणतं," ताउनो म्हणाला. ओसरीतच त्यानं सगळं सांगितलं. हवालदाराचा चेहरा उतरत गेला.

"मी त्यांच्यासमोर हात जोडले होते, काका. मला वाटलं, तुम्ही सांगितलंत. आणि ते हसले." मग तो म्हणाला, "सदरा चौकीत ठेवून जा. मी वर काही कळवत नाही. पण ठेवून जा."

दहन गावातल्याच देवळात झालं. आई तिकडून येऊ शकत नव्हती. काउकोला अस्थी घेऊन जायच्या होत्या. ताउनो फाटकाबाहेर उभा राहिला. मालिवान आत गेली, न बोलावता, काळे कपडे घालून. इथल्या रीतीप्रमाणे चितेवर चंदनाच्या लाकडाचं फूल कसं ठेवायचं ते काउकोला कळत नव्हतं. तिनं त्याचा हात धरून ते ठेवायला लावलं. त्यानं तिला विचारलंही नाही, तू कोण. परतीच्या गाडीत बसताना तो ताउनोच्या अंगावरूनच गेला. ताउनोनं दार उघडून धरलं होतं. काउको दुसऱ्या दारानं चढला.

त्या संध्याकाळी मालिवाननं कोंबडीची गाडी लावली नाही. दोघं पायरीवर बसले होते.

"तुला त्याला झोपू द्यायचं होतं," ती म्हणाली. "झोपला का रे तो?"

"नाही. म्हणाला होता, रात्रभर जागाच होतो, सकाळची वाट बघत."

तिनं त्याला शिवी दिली नाही. तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

वारा अजून पडलेला नाही. लाल बावटे लागलेले आहेत आणि माणसं पाण्यात जातातच. ताउनो सकाळी उठून किनाऱ्यावर जातो. अंगात साधा बनियन, पायात मालिवानच्या जुन्या चपला. कुणी आत शिरताना दिसलं, की तो धावत जातो आणि ज्या भाषेत येईल त्या भाषेत ओरडतो. काळा सदरा होता तेव्हा लोक थबकायचे. आता कोण हा म्हातारा म्हणून हसतात, फोटो काढतात. एकानं त्याला बाजूला ढकललं तेव्हा तो लाटेत आडवा झाला आणि पुन्हा उठून हात पसरून त्याच्याच वाटेत उभा राहिला.

"काका, घरी जा," जीवरक्षक म्हणतात. "आम्ही आहोत ना."

"हो, हो," तो म्हणतो, आणि गुडघाभर पाण्यात उभाच राहतो. परवा एक नवराबायको कंटाळून, चिडून, शिव्या देत बाहेर आले आणि हॉटेलच्या तलावाकडे गेले. ताउनो त्यांच्याकडे बघतही नव्हता. त्याची नजर पलीकडे होती, जिथे एक पोरगी वाळूत टॉवेल पसरत होती.