पैठणीची किनार

दिंडोरीकडे वायनऱ्या निघायला लागल्या त्या सुमाराची गोष्ट. एका वायनरीच्या मालकाने परदेशी चित्रकारांचं दहा दिवसांचं शिबिर भरवलं. मी नाशिक रोडच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. पाहुण्यांना हवं ते सामान आणून द्यायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते मिरवत केलं.

पाहुण्यांत कझाकस्तानची एक बाई होती. पन्नाशीची, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारी. वसतिगृहात असतं तसलं एक करडं, जाड ब्लँकेट तिने आणलं होतं. त्यावर ती लाल दोऱ्याने साखळी टाक्यात मेंढ्याची वळलेली शिंगं भरत होती. तिच्या आजीच्या तंबूत भिंतीला असाच भरलेला पडदा असायचा. पण आजीने जिथे फुलं भरली असती, तिथे ही आपल्या शहरातल्या चाळवजा सरकारी इमारतींच्या खिडक्या भरत होती. रांगेने, एकसारख्या. मी तोवर हॉटेलांच्या भिंतींवर वारली माणसं काढून दिली होती, हातात वाइनचे ग्लास असलेलीसुद्धा. तिच्याजवळ बसलं की त्या भिंती आठवून कसंतरी व्हायचं.

खालची वीतभर पट्टी तिने कोरीच ठेवली. मी विचारलं, तर म्हणाली, "आजी तेवढं सोडायची. सगळं भरून झालं की घरातलं जगणंही संपतं, असं म्हणायची."

शिबिराच्या शेवटी प्रदर्शन होतं. त्याच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पाहुण्यांना त्र्यंबकला नेलं होतं. मालक हॉलमध्ये फिरत आला.

"मास्तर, हे खाली अर्धवटच राहिलंय की."

"मुद्दाम सोडलंय ते, साहेब."

"असेल. पण उद्या पेपरवाले येतायत. येवल्याच्या पैठणीची किनार लावून घ्या खाली. मोर येतील. तिकडचं-इकडचं फ्यूजन होऊन जाईल!"

मी ब्लँकेट गुंडाळून टेलरकडे नेलं. त्याने कड दोनदा चाचपली. "मास्तर, हे कुणीतरी समजून सोडलंय," तो म्हणाला.

"तुम्ही शिवा हो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल भरला. चीजचा आंबूस वास, सेंटचा वास, आणि मधोमध भिंतीवर ते ब्लँकेट, खाली जरीचे हिरवे मोर. ती आली, पाहिलं, आणि माझ्याकडे वळली. तिने ब्लँकेट खाली काढलं, जमिनीवर मांडी घातली आणि छोट्या कात्रीने एकेक टाका उसवायला लागली.

मालकाने टाळ्या वाजवल्या. "लाइव्ह डेमो!" तो फोटोग्राफरला म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ग्लास हातात घेऊन तिच्या शेजारी उकिडवं बसून फोटो काढून घेतला. मी मागच्या नळावर जाऊन ओकलो.

परतलो तेव्हा किनार निघाली होती. तिने ती नीट घडी करून माझ्या हातात दिली. "शिवणकाम चांगलं आहे," एवढंच म्हणाली. कोऱ्या पट्टीवर सुईची भोकं राहिली होती. तशीच भोकांसकट तिने ती परत टांगली.

पेपरात सकाळी काढलेला मोरांचाच फोटो आला. खाली तिच्या कलेतल्या भारतीय प्रभावाचं कौतुक होतं.

मालकाने पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं. आपण नकार दिला, असं लिहायला मला आवडलं असतं. मी गेलो. त्या वर्षी पाहुण्यांच्या चित्रांना हात लावला नाही, इतकंच. पण मालकाने सांगितल्यावर हॉलच्या बाहेरच्या भिंतीवर वारली नाच काढला, आणि तो नाच आजही दिसला की मला माझ्याच हातांची किळस येते.