खालचा बोल्ट कुणी आवळला?

भूतबाधा, करणी, अंगात येणं — असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. साताऱ्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर आहे मी. जे पान्याने उघडत नाही ते मी मानत नाही, असं मित्रांना ऐकवायचो. तरीही हे लिहितोय...

गेल्या वर्षीची गोष्ट. रहिमतपूरला घरी माझी जुनी फोर-स्ट्रोक बाईक आहे. पावसाळाभर चिखल खाल्ला की दसऱ्याआधी तिचं इंजिन बघायचं, हा माझा नेम. खंडेनवमीला सकाळी कार्बोरेटर साफ केला, टॅपेट सेट केले, जुनं ऑइल सोडलं. इंजिनखालचा, ऑइल सोडायचा ड्रेन बोल्ट नुसता हाताने बसवून नवीन ऑइल भरलं, तेवढ्यात आईने पूजेला पाने मागितले. आमच्याकडे पूजेत मांडलेल्या हत्यारांना दसरा पार पडेपर्यंत कुणी हात लावत नाही. म्हटलं, उद्या संध्याकाळी आवळू. घाई कुणाला आहे!

दसऱ्याला कंपनीत शटडाऊनचं काम, म्हणून मी सकाळीच एसटीने साताऱ्याला गेलो. दुपारी बायकोचा मेसेज — आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मिरजेला अ‍ॅडमिट केलंय, मुलीला मागे बसवून बाईकवर निघालेय.

मेसेज वाचला आणि तो न आवळलेला बोल्ट आठवला. बोल्ट हादऱ्याने गळणार, ऑइल सांडणार, इंजिन जाम होऊन मागचं चाक लॉक होणार... आणि तेही हायवेवर. फोन लावतोय, उचलत नाही. सगळे देव आठवले, न मानलेलेसुद्धा.

शेवटी तिचाच फोन आला. "आवं, पोचलो आमी. आबा बरं हायत."

मी आधी तिला इंजिनखाली वाकून बघायला लावलं.

"तेलाचा थेंब न्हाई. पण तुमी बोल्टाला कुंकू लावलंसा व्हय? खाली कोण पूजा करतं?"

मी लावलं नव्हतं. तिनेही नाही. हॉस्पिटलशेजारच्या गॅरेजवाल्याने पाना लावून पाहिला — बोल्ट चांगला घट्ट होता.

घरी आलो. देवघरापुढे पाने जसेच्या तसे, फुलं-अक्षता हललेल्या नाहीत. फक्त एका पान्याच्या तोंडाला ताजं ऑइल... आदल्या दिवशी तो मीच धुऊन दिला होता. सवयीने मीच बोल्ट आवळला असेल म्हणाल, तर हे ऑइल कुठून आलं? आईची बोटं संधिवाताने वळत नाहीत, बायकोला बोल्ट सैल असल्याचं ठाऊकही नव्हतं आणि मुलगी सोडली तर घरात दुसरं कुणी नव्हतं. तिला सगळं सांगितलं.

"आपण हात लावायचा नसतो रं," ती म्हणाली. "ज्यांची पूजा केली त्यांनीच लावला तर आपण काय बोलायचं?"

दुसऱ्या दिवशी दोघी परतल्या. पोरगी भूक लागली म्हणत आत शिरली आणि मी उंबऱ्यातच रडायला लागलो. बायको विचारत राहिली, आवं, झालं काय? तिला काय सांगणार... मलाच अजून कळलेलं नाही.