पोरीच्या लशीची चिंता करणारे आम्ही चौघं

मंडळी, आज माझं डोकं फिरलंय.

लॅबमध्ये ऑफर चालू आहे म्हणून दिरानं माझ्या सोळा वर्षांच्या पोरीची सगळी रक्ततपासणी करून आणली. हिपॅटायटिस बीच्या अँटिबॉडी कमी निघाल्या. झालं! सासूबाई म्हणे, "लहानपणीची लस खोटी होती का वं?" मी पेटी उपसून लसीकरणाचं कार्ड काढलं, सगळे डोस दाखवले. कोणी बघेल तर शपथ!

आमच्याकडे दवाखान्यात एकटं कोणी जात नाही. त्यामुळे सासूबाई, नवरा, दीर आणि मी, पोरीला मध्ये घालून रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे.

डॉक्टरांनी कार्ड पाहिलं. "वय वाढलं की अँटिबॉडी कमी दिसतात, पण शरीर लस विसरत नाही. पूर्ण डोस झालेल्या निरोगी मुलांना सहसा पुन्हा लस लागत नाही." मग आमच्याकडे पाहून विचारलं, "तुम्ही चौघांनी घेतली का कधी?"

दीर पंख्याकडे पाहायला लागला. सासूबाईंनी पदर सावरला. मी कार्ड उचलून पर्समध्ये घालायला लागले.

पोरगी म्हणाली, "मंग मले काहून आणलं?"

खरं सांगा, तुमच्या घरच्या मोठ्यांपैकी किती जणांनी घेतली आहे?