पडद्याची दोरी

द्वारका चौथीत होती तेव्हा शाळेच्या गॅदरिंगचं अख्खं नाटक तिला पाठ होतं. राजाचं काम, प्रधानाचं काम, राणीचं आणि दासीचं तर होतंच, शिवाय मास्तर मागून जे पुटपुटत तेसुद्धा. अकोला जिल्ह्यातलं लहानसं गाव. तालमी चालत तेव्हा ती दाराशी बसायची, आणि दाराशी बसूनच तिनं सगळं टिपलं होतं. दासीचं काम करणारी मुलगी ऐन वेळी तापानं पडली तेव्हा साऱ्या पोरी द्वारकाकडे बघायला लागल्या. मास्तरांनीही बघितलं. मग म्हणाले, "तू उंच आहेस. तू पडदा ओढ."

या उंचीचा अर्थ गावात कुणालाच समजावून सांगावा लागला नाही.

तिचे वडील भगवान तायडे धुतलेलं धोतर नेसून आले आणि सगळ्यांच्या मागे उभं राहून दोन तास पडदा बघत राहिले. घरी जाताना म्हणाले, "पडदा मस्त ओढला व माय तुनं. कोठीच अडकला नाई."

पुढे मोठेपणी द्वारका ही गोष्ट हसत हसत सांगायची. पण ऐकणारा तिच्याआधी हसला, की तिचं हसू बंद व्हायचं.

लग्नानंतर ती वानखडे झाली आणि नवऱ्याच्या बदलीबरोबर जयपूरला आली. शेषराव रेल्वेत वॅगन दुरुस्तीला. क्वार्टरच्या भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा असे दोन फोटो. शेजारच्या घरांतून सकाळच्या आरतीची घंटा वाजायची, त्याच सुमाराला द्वारका या फोटोंपुढे मेणबत्ती लावायची. ज्याच्या घरात नेमानं दिवा लागतो, त्यानं दुसऱ्याच्या दिव्याला वारा घालू नये. कॉलनीत काहींना हे कळत होतं, काहींना नव्हतं.

बी.ए., बी.एड. झालेली बाई घरी किती दिवस बसणार? जयपूरच्याच मुरलीपुऱ्यात एका ट्रस्टची शाळा निघाली होती. तिथं ती सामाजिक ज्ञान शिकवायला लागली. सगळं हिंदीत. नोकरी कच्ची होती. पक्की व्हायची ती सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये, आणि तो कागद पुढे पाठवणं मुख्याध्यापिका विभाजींच्या हातात.

शहाऐंशीच्या पावसाळ्यानंतर शाळेत एक पत्र आलं. जुन्या शहरातल्या एका हवेलीत छोटं संग्रहालय होतं, आणि त्याच हवेलीच्या चौकात नाटकवाल्यांनी स्टेज बांधलं होतं. दोघांनी मिळून शाळांसाठी कार्यक्रम आखला होता. शिक्षकांनी आधी सात दिवस शिबिराला यायचं, मग वर्ग घेऊन संग्रहालय बघायचं. तिथली एक वस्तू निवडायची आणि मुलांनी त्या वस्तूवर पंधरा मिनिटांचं नाटक रचून जानेवारीत त्याच स्टेजवर करायचं. शिबिर दिवाळीच्या सुट्टीत. सुट्टी घालवायला कोण तयार होणार? स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या घरी अचानक पाहुणे यायचे ठरले. विभाजी म्हणाल्या, "द्वारकाजी, तुमच्याकडे दिवाळीची तशी गडबड नसते ना?"

"नसते," द्वारका म्हणाली. "मी जाते."

शिबिर घेणारा उत्तम नावाचा नाटकवाला होता. दाढी वाढलेली, पायात टायरची चप्पल. पहिल्याच दिवशी त्यानं तीस शिक्षकांना जमिनीवर बसवलं आणि विहीर व्हायला सांगितलं.

"विहीर मतलब?" एका जाडजूड गणिताच्या सरांनी विचारलं.

"मतलब विहीर. खोल."

"भैया, मी आधीच रुंद आहे, खोल कुठून होऊ?"

सगळे हसले आणि त्या हसण्यात निम्म्यांची लाज गेली. द्वारकाची मात्र पहिल्या दिवशी गेली नाही. तिसऱ्या दिवशी उत्तमनं विचारलं, पडद्याचं काम कोण बघेल? तेव्हा तिचा हात आपोआप वर जायला लागला. तो तिनं दुसऱ्या हातानं खाली ओढला. "मला काम द्या," ती म्हणाली. "दासीचं असलं तरी चालेल." पंचवीस वर्षांचं साचलेलं होतं, म्हणून तिचा आवाज चौकाच्या चारही भिंतींवर आपटून परत आला. गणिताचे सर म्हणाले, "बहनजी, तुम्हाला माईक लागायचा नाही."

डिसेंबरात ती सातवीचा वर्ग घेऊन संग्रहालयात गेली. एरवी शाळांची सहल कशी असते ते ठाऊकच आहे: हात मागे, ओळ सरळ, आणि काचेखालची चिठ्ठी वहीत उतरवून घ्यायची. वस्तू बघितली नाही तरी चालते, चिठ्ठीत काना-मात्रा चुकता कामा नये. द्वारकानं दारातच वह्या-पेन्सिली एका पिशवीत गोळा केल्या. "आज डोळ्यांनी बघा," म्हणाली. "प्रत्येक वस्तूला विचारा, तुला कुणी बनवलं, कुणी वापरलं, कुणी दुरुस्त केलं?"

मुलं तलवारींकडे पळाली. एक मुलगी तेवढी मागच्या दालनात थांबली होती. मधुमती. वर्गातली सगळ्यांत उंच, सगळ्यांत गप्प. तिच्यासमोर चामड्याचा मोठा चडस टांगलेला होता. आपल्याकडे मोट म्हणतात तोच. बैलांनी दोर ओढायचा आणि विहिरीतून पाणी वर काढायचं.

"याला काय विचारलंस?" द्वारकानं विचारलं.

"मॅडमजी, याच्या तोंडाची शिवण चुकलीय," मधुमती हळूच म्हणाली. "बाकी सगळी वादीची आहे, चामड्याच्या वादीची. तोंडाला मागून कुणीतरी सुतळी घातलीय. पाण्यात सुतळी कुजते. चार दिवसांत तोंड फाटेल."

"तुला कसं कळलं?"

मुलीनं इकडेतिकडे बघितलं. "माझे दादा, म्हणजे आजोबा, बस्सी गावात चडस शिवायचे. कजोडजी. दहा गावांचे चडस त्यांच्याकडे यायचे." मग एकदम घाबरून, "मॅडमजी, वर्गात नका सांगू."

द्वारकानं खालची चिठ्ठी वाचली. 'चमड़े का चड़स, ज़िला जयपुर.' बाजूच्या दालनात तलवारींच्या चिठ्ठ्यांवर राजांची नावं होती, एका हत्तीचंसुद्धा नाव होतं.

"आपली वस्तू ठरली," ती म्हणाली.

नाटक मुलांनीच रचलं. आठजण विहीर झाले, दोघं बैल झाले, खरा दोर आणला. पाणी वर यायचं आणि जो तो म्हणायचा, हे पाणी माझं. शेतकरी म्हणायचा माझं, सावकार म्हणायचा माझं, बागेचा माळी म्हणायचा माझं. शेवटी बैल विचारायचा, अरे, पण हा चडस कुणी शिवला? सगळे गप्प. तेवढ्यात एका कोपऱ्यातून मधुमतीनं यायचं, मांडी घालून बसायचं, आरीनं चामड्याला भोक पाडून वादी ओढायची आणि सांगायचं, माझ्या दादांनी.

हे शेवटचं मधुमतीनं स्वतःच सुचवलं होतं, पंधरा दिवस गप्प राहून. तरीही द्वारका तिच्या वडिलांना भेटायला गेली. सुखदेव एका कारखान्यात जुत्या शिवायचा. तो हातातलं काम न सोडता म्हणाला, "मॅडमजी, गाव सोडून इथं आलो ते कुणी विचारू नये म्हणून. आता तुम्ही स्टेजवर चढवून सांगणार?"

"मी नाही. ती सांगणार. तुम्ही नको म्हणालात तर मी तिला तसं कळवते."

सुखदेवनं दात लावून वादी तोडली. मग म्हणाला, "तिची आरी बोथट आहे. माझी घेऊन जाऊ द्या."

तालीम बघायला विभाजी आल्या त्या कार्यक्रमाच्या चार दिवस आधी. आठ मुलांची विहीर बघून खूश झाल्या, बैलांसाठी टाळ्या वाजवल्या. शेवट बघितला आणि द्वारकाला ऑफिसात बोलावलं.

"नाटक सुंदर आहे. फक्त शेवट बदला. ट्रस्टची मंडळी येणार, पाहुणे येणार. आपल्या शाळेत सगळी मुलं एका रांगेत बसून जेवतात. मग हे जातीबितीचं कशाला उकरायचं?"

"तिनं जात सांगितलीच नाही, विभाजी. आजोबांचं नाव सांगितलं. काम सांगितलं."

"सगळ्यांना कळतं." विभाजी वाईट बाई नव्हत्या. त्यांनी आवाज खाली आणला. "उद्या वर्गात मुलं चिडवतील तिला. ते तुम्ही थांबवाल?"

"आज चिडवत नाहीत असं वाटतं तुम्हाला?"

यावर विभाजींनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "असं करा. ते वाक्य दुसऱ्या मुलीला द्या. 'गावच्या कारागिरानं शिवला', बस. आणि मधुमतीला वाईट वाटायला नको. ती उंच आहे. तिला पडदा ओढायला द्या."

द्वारकाच्या कानात पंचवीस वर्षांपूर्वीचा मास्तर बोलला, तोच आवाज, तीच दया. ती खुर्चीवरून उठली.

"पडदा मी ओढेन," ती म्हणाली. "मला सवय आहे. मधुमती स्टेजवर असेल आणि तिचं वाक्य तिच्याकडेच राहील. हे मी तुम्हाला आजच सांगते, मागाहून फसवलं म्हणू नका."

"मार्च जवळ आलाय, द्वारकाजी."

"येऊ द्या. तो दर वर्षी येतो."

नोकरी पक्की करायचा तो कागद पुढे दोन वर्षं जागचा हलला नाही, हे इथंच सांगून टाकते. पण शाळेचं नाव छापून गेलं होतं, नाटक मागे घेता येत नव्हतं, आणि बैल, विहीर, माळी सगळे द्वारकाच्या हाताखाली तयार झालेले. विभाजींना वाटलं असावं, ऐन वेळी बाई नमेल. कच्च्या नोकरीतली माणसं नमतात.

जानेवारीतली दुपार. हवेलीच्या चौकात सतरंज्या, पुढच्या खुर्च्यांवर ट्रस्टचे लोक, मागे पालक. सुखदेव अगदी शेवटी, खांबाला टेकून उभा. द्वारकानं पडद्याच्या फटीतून त्याला बघितलं. धोतर तेवढं नव्हतं, बाकी उभं राहणं तिच्या वडिलांचंच.

तिनं दोरी उजव्या मनगटाला दोन वेढे देऊन धरली होती. मधुमतीला तिनं सकाळीच सांगितलं होतं, "ऐन वेळी वाटलं नको, तर गप्प बस. मी रागावणार नाही." मुलीनं विचारलं होतं, "आणि बोलले तर?" "तर पडदा उघडा राहील."

नाटक रंगलं. विहीर हसली, ते तिनं करायचं नव्हतं. लोकांना तेच आवडलं. सावकाराची मिशी पडली, माळ्यानं ती उचलून त्याला परत दिली. मग बैलानं विचारलं, "अरे, पण हा चडस कुणी शिवला?" आणि सगळे गप्प झाले.

विभाजी त्याच क्षणी विंगेत येऊन द्वारकाच्या शेजारी उभ्या राहिल्या. "इथंच संपवा," त्या कुजबुजल्या. "छान शेवट आहे. पडदा ओढा."

मधुमती कोपऱ्यातून निघाली होती. चार पावलं चालली आणि विंगेतल्या दोघींकडे बघून थबकली. हातात बापाची आरी.

"द्वारकाजी, पडदा ओढा म्हणते ना मी."

"नाही," द्वारका म्हणाली. कुजबुजून म्हणायला हवं होतं, पण तिचा आवाज तसा नव्हताच. पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं. मधुमतीलाही गेलं.

विभाजींनी दोरीला हात घातला. दोरी द्वारकाच्या मनगटावर काचली, पण ती जागची हलली नाही. मुख्याध्यापिकेनं भर कार्यक्रमात रस्सीखेच करावी तरी किती? त्यांनी हात काढून घेतला.

मधुमती स्टेजच्या मध्यावर येऊन मांडी घालून बसली. चामड्याचा तुकडा गुडघ्यावर ठेवला. आरी घातली, वादी ओवली, ओढली. एक टाका, दुसरा टाका, तिसरा. पाचव्या टाक्याला तिनं मान वर केली.

"हा चडस माझ्या दादांसारख्यांनी शिवला," ती म्हणाली. "त्यांचं नाव कजोडजी, राहणार बस्सी. आणि आत टांगलाय त्याच्या तोंडाला सुतळी घातलीय ती चूक आहे. तिथं वादी पाहिजे. मला येते शिवता."

टाळ्या लगेच पडल्या नाहीत. आधी मागून एकच वाजली, खांबाजवळून. मग पालकांत पसरली. पुढच्या खुर्च्यांवर काहींनी वाजवल्या, काहींनी घड्याळ बघितलं. संग्रहालयाचे म्हातारे देखरेखवाले उठून स्टेजजवळ आले आणि त्यांनी विचारलं, "बेटी, वादी किती रुंदीची लागेल?"

"मॅडमजी," बैल झालेला मुलगा विंगेत येऊन म्हणाला, "संपलं. आता ओढा."

द्वारकानं मनगटाचे वेढे सोडवले आणि पडदा ओढला. कुठे अडकला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिच्या हातात लेखी स्पष्टीकरणाची नोटीस पडली. तिनं ती घरी आणली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, मेणबत्ती लावून झाल्यावर, चुलीवर चहा उकळेपर्यंत उत्तर लिहून टाकलं. शेषराव ड्यूटीला निघाला होता. रेल्वेतला माणूस, स्पष्टीकरणं लिहिण्यात त्याची हयात गेलेली.

"आमच्याइकडे तीन पानं लिवतात," तो बूट घालता घालता म्हणाला. "तुनं काहून अर्ध्या पानात आटपलं? मले दाखव."

तिनं कागद पुढे केला. हिंदीत दोनच वाक्यं होती. पडद्याची दोरी माझ्या हातात होती. मुलगी बोलत होती म्हणून मी ती ओढली नाही.

"माफीगिफी नाई?"

"नाई."

शेषरावनं पुन्हा वाचलं. मग कागद परत देत म्हणाला, "सही काहून इतली बारीक केली मंग? दिसली पायजे ना बापा, कोणाची हाय ते."

द्वारकानं ती सही खोडली. खाली नवी केली, कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत, वडिलांच्या नावासकट. द्वारका भगवान तायडे वानखडे. मग चहा गाळायला उठली.