पुठ्ठ्याची भाकरी

अत्तार सरांना कुणी जुनी लग्नपत्रिका दिली की ते आधी तिचा पुठ्ठा वाकवून बघत, वधूवरांची नावं नंतर. त्यांच्या वडिलांचं कसबा पेठेत पुस्तकबांधणीचं दुकान होतं, त्यामुळे कागद, कात्री आणि खळ हे त्यांच्या अंगातच मुरलेलं. सदाशिव पेठेतल्या आमच्या डी.एड. कॉलेजात ते शैक्षणिक साहित्य बनवायला शिकवायचे. बाजारातून तयार तक्ता आणणाऱ्याला ते अतिशय अदबीने म्हणत, "दुकानदाराला पाठवा, मार्क त्याला देतो."

त्यांची एक अट होती. साहित्य नुसतं बनवून मार्क मिळत नसत. सराव पाठाच्या शाळेत ते महिनाभर मुलांच्या हाती द्यायचं आणि मळलं की आणून दाखवायचं. सर चष्मा कपाळावर चढवून डाग तपासत. माझ्या वर्गातल्या ऋचाने एकदा चहाचे डाग पाडून आणले, ते सरांनी हुंगून परत केले. मी पत्रिकांच्या पुठ्ठ्याची भाकरी केली होती, अपूर्णांकांसाठी. अर्धी, चतकोर, चतकोराचं अर्धं. तिचा एक चतकोर एका मुलीने चघळला होता. वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला मिळाले.

पुढे मी मांजरी गावच्या शाळेत लागले, मुख्याध्यापिका झाले आणि शहाणी झाले. नवी भाकरी केली, लॅमिनेशन करून. तपासणीला आलेल्या साहेबांनी तिचे फोटो काढले. मग काचेचं कपाट आलं. मुलं मोडतील म्हणून किल्ली माझ्या पर्समध्ये राहू लागली. याला माझ्याकडे काही सबब नाही.

सर निवृत्त झाले. विद्यार्थी मिळेनात म्हणून कॉलेजही बंद पडलं आणि त्यांनी तीस वर्षं जमवलेलं साहित्य एका सकाळी टेम्पोत भरून रद्दीत गेलं. मधुमेहाने त्यांची नजर जवळजवळ नेली होती. तरी ते जुन्या विद्यार्थ्यांच्या शाळा धुंडाळत होते, आपण शिकवलेलं कुठे मुलांच्या हातात उरलंय का ते बघायला. सहा शाळा झाल्या, कुठेच काही नव्हतं. फोनवर मला म्हणाले, "शेफालीबाई, आता तुमच्यावरच भिस्त आहे."

दोन बस बदलून ते आले. मी मोठ्या कौतुकाने कपाट उघडलं. आमच्या शिपाईणबाई, तुळजाबाई, माझ्याहून जास्त अभिमानाने म्हणाल्या, "एका पोराला हात लावू दिला नाय बाईंनी. नवं हाय तसं हाय."

सरांनी चतकोर हातात घेतला. त्याच्या टोकावरून अंगठा फिरवला, मग पुन्हा फिरवला.

"कोपरे अजून टोचतात, बाई."

मी म्हटलं, उद्या तपासणी आहे, ती झाली की लगेच मुलांना देते. ते म्हणाले, आपलं बरोबर आहे. सर इतक्या लवकर कधीच कुणाचं मान्य करत नसत. चहा पिऊन ते बसस्टॉपकडे गेले, भिंतीला हात लावत लावत.

तपासणीत शाळेला 'उत्कृष्ट' शेरा मिळाला. कपाट मात्र मी उघडलं नाही. आज उघडू, उद्या उघडू करत राहिले. बाराव्या दिवशी ऋचाचा मेसेज आला, सर गेले.

त्या दिवशी मी भाकरी चौथीच्या वर्गात नेऊन ठेवली. महिन्याभरात ती काळी झाली, लॅमिनेशन सुटलं, एक चतकोर हरवला आणि दुसऱ्यावर दात उमटले. मळलं की आणून दाखवायचं होतं. म्हणून पिशवीत घालून कसब्यात सरांच्या घरी गेले.

सरांच्या पत्नी नसीमबानू यांनी दार उघडलं. मी कोण ते सांगताच त्यांचा चेहरा उजळला.

"मांजरीहून आले त्या दिवशी फार खूश होते. म्हणाले, शेफालीबाईंची भाकरी पोरांनी पार मळवून टाकलीय."

मी ती पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिली. सर आले तेव्हा ती कोरी होती, हे मला त्यांना सांगता आलं नाही.