कानबाईचं तोंड

"डोया झाक, मंग सांग." एखादी वस्तू चांगली आहे का म्हणून विचारलं, की आमच्या गल्लीतली अक्का हेच म्हणायची. नुसतं म्हणून थांबायची नाही. तुमचे डोळे स्वतःच्या तळव्याने झाकायची आणि तुमचा हात धरून लुगड्यावरून, भोपळ्यावरून, नाहीतर तिने शिवलेल्या गोधडीवरून फिरवायची.

धुळ्याच्या कापडवाल्याने तर तिच्यापुढे हात टेकले होते. तो रंग दाखवून दाखवून दमायचा आणि ही डोळे मिटून लुगडं गालाला लावून बसायची. "अक्का, लुगडं तुम्ही नेसणार की तुमचा गाल?" तो चिडवायचा. अक्का पदराआड खुदकन हसायची.

हो, पदराआडच. लहानपणी तिला देवी आल्या होत्या, तोंडभर वण राहिले होते. सासरी आली तेव्हापासून पदर नाकापर्यंत ओढलेला. भिंतीला भिंत लागून आमचं घर, पण तिचं पुरतं तोंड मी कितीतरी वर्षं पाहिलं नव्हतं.

श्रावणात गल्लीची कानबाई देवी मोठ्या काकूंकडे बसे. आमच्या खानदेशात नारळाचीच कानबाई करतात. काकूंकडे तो नारळ घासून घासून गुळगुळीत करायचा, हळद चोपडायची, डोळे काढायचे, नथ घालायची, असा रिवाज. स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झाली असतील. दरसाल हे काम करणारी बाई त्या वर्षी लेकीकडे गेली आणि नारळ अक्काकडे आला. काकूंनी लगेच नाक मुरडलं. "ही कानबाईचं तोंड काढणार? आधी स्वतःचं बघ म्हणावं." अक्का दारातच उभी होती. तिने ऐकलं आणि नारळ पदरात घेऊन निघून गेली.

रविवारी संध्याकाळी तिने नारळावरचं फडकं काढलं आणि आम्ही बाया पुढे वाकलो. नारळ घासलेलाच नव्हता! हळद बोटांनी टिपून टिपून लावलेली, तिच्याखाली नारळाचा खरखरीतपणा, बारीक खळगे, सगळं जसंच्या तसं. त्यावर काजळाचे टपोरे डोळे. खरं सांगते, माझी नजर हलेना.

"अगं बाई, घासायचा कंटाळा आला होय तुला?" काकू कडाडल्या. "ही नाही बसायची चौरंगावर. दुसरा नारळ आणा कुणीतरी!"

अक्काचा हात पदराकडे गेला. पण ती जागची हलली नाही. "कंटाळा नही काकू. मी मुद्दाम घासा नही. जशी शे तशी र्‍हाऊ द्या." आता ही रडते की काय, असं मला वाटलं.

काकूंच्या सासूबाई तिथेच बसलेल्या होत्या. मोतीबिंदूने त्यांना दिसेनासं झालं होतं. दरसाल त्या कानबाईच्या तोंडावरून हात फिरवत आणि लगेच मागे सरत. त्या पुढे आल्या. कपाळ, गाल, हनुवटी, सगळीकडे बोटं फिरली. मग पुन्हा एकदा फिरली.

"दरसाल हातमा लोटा देतस तुम्ही," म्हातारी सुनेला म्हणाली. "आज तोंड लागनं. हाई आपलीच शे. बसाडा."

काकू बाजूला सरल्या. कानबाई बसली.

सोमवारी पांझरेवर विसर्जनाला निघालो. कानबाई अक्काच्याच डोक्यावर होती. दोन्ही हात वर, त्यामुळे पदर घसरून खांद्यावर आला. तिने तो सावरायला सांगितलं नाही, आम्हीही सावरला नाही. भर रस्त्याने, उघड्या तोंडाने, मान ताठ ठेवून आमची अक्का चालली होती. माझी छाती अशी फुगली होती म्हणून सांगू!

मग काय, बाईच्या अंगात वारंच शिरलं. दिवाळीत फोटो काढायला गेली. फोटोवाल्याने त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे, मेहेरबानी म्हणून, पेन्सिलीने सगळे वण घालवून टाकले. अक्काने फोटो हातात घेतला आणि विचारलं, "हाई बाई कोन शे? मन्हा वण कोठे गयात?" तिने पुन्हा बसून दुसरा फोटो काढून घेतला.

अक्का जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तो फोटो तिच्या लेकीकडे भिंतीवर आहे, एकूण एक वणासकट. मी गेले की त्याच्यासमोर उभी राहते, डोळे मिटते आणि हात लावते.

हाताला काच लागते. गुळगुळीत.