तीन दिवसांचा स्टेट कौन्सिलर

मी तीन दिवस चीनच्या केंद्र सरकारात स्टेट कौन्सिलर होतो. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं, माझी बायको अजून हसते. पण त्या तीन दिवसांत मी जे केलं ते पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा करेन, आणि या खेपेला जरा मोठ्या आवाजात.

कुवेतमध्ये एका चिनी बांधकाम कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. गाव रायगडच्या किनाऱ्यावरचं, बिऱ्हाड इथल्या खैतान वस्तीत आणि स्वभाव, आईच्या म्हणण्याप्रमाणे, तिरसट. सेफ्टीवाल्याला साइटवर कोणी हौसेने चहा विचारत नाही. हेल्मेट घाल, पट्टा बांध, शिडी धर, अशी दिवसभर टकळी लावणारा माणूस हवा असतो कोणाला? उन्हाळ्यात तर मी सगळ्यांच्याच डोळ्यांत खुपतो. जून ते ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करायला इथल्या सरकारची बंदी असते, आणि अकराला शिट्टी फुंकून काम थांबवणारा मीच.

ऐन जुलैत बातमी आली की बीजिंगहून एक स्टेट कौन्सिलर आमची साइट बघायला येणार. मला वाटलं, असेल कोणी नगरसेवक. ऑफिसात चिनीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं चिनी करणारी एक दुभाषी मुलगी आहे. तिने माझं अज्ञान बघून कागदावर शिडीच काढली. सर्वांत वर पंतप्रधान, त्यांच्या खाली उपपंतप्रधान, मग हे स्टेट कौन्सिलर, आणि साधे मंत्री त्यांच्याही खाली.

"म्हणजे मंत्र्यांच्या वर?" मी विचारलं.

"हो. एवढ्या मोठ्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके."

मग आमच्या मुदीरला, म्हणजे साइटच्या मुख्य साहेबाला, झोप लागेना. रस्त्याच्या कडा रंगवल्या, कुंड्या आल्या, कोणाची खुर्ची कोणापासून किती हात यावर दोन बैठका झाल्या. चिनी लोकांत पाहुणा एवढा मोठा असला की भेटीची आधी तालीम होते, आणि तालमीत पाहुण्याच्या जागी कोणीतरी उभं करावं लागतं. तो चालणार, बसणार, हात मिळवणार, लिहून दिलेले प्रश्न विचारणार. पण ऑफिसातला एकही चिनी माणूस त्या खुर्चीत बसायला तयार होईना. उद्या कोणी फोटो काढून वर पाठवला तर, ही भीती. शेवटी दुभाषी माझ्याकडे आली. "तुमची उंची बरोबर आहे, पोटही बरोबर आहे, आणि तुम्ही परदेशी आहात. तुमच्यापासून कोणाला धोका नाही, असं साहेब म्हणतात."

मुदीरची चूक झाली ती इथे.

पहिल्या दिवशीची तालीम सकाळी नऊला झाली. मी कोट घालून बसलो, उठलो, हात मिळवले. मजा आली, खोटं कशाला बोलू. त्यानंतर मुख्य दिवसाचा आराखडा माझ्या हातात पडला आणि मजा संपली. पाहुणे येणार साडेबाराला. चाळीस कामगार हातात झेंडे घेऊन गेटपाशी रांगेत, तेही साडेअकरापासून. खाली सेफ्टी ऑफिसरच्या सहीची जागा कोरी होती. सहीशिवाय आराखडा पुढे जाणार नव्हता.

मी बंदीचा कागद घेऊन मुदीरकडे गेलो. त्याने तो वाचला, शांतपणे परत दिला आणि दुभाषीकडून मला सांगितलं, "बंदी कामाला आहे. उभं राहणं म्हणजे काम नव्हे."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. आमच्याकडे किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतात, तेही काही काम करत नसतात. मी तसं म्हणालोही, पण बोंबलाचं चिनी तिला येईना. मुदीर म्हणाला, सही परवापर्यंत हवी, आणि जाता जाता माझा इकामा कधी संपतो ते विचारलं. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. तो कंपनीच्या हातात असतो, आणि संपायला दोन महिने उरले होते.

घरी बायकोला सांगितलं. ती कांदा चिरता चिरता थांबली. "तुमचा डोका फिरलाय काय? एक सही करून टाका नि गप बसा. पोरीची शाळा हाय." ती चूक नव्हती. आमची मुलगी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते. ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "अब्बा, इफ इट्स नॉट सेफ, डोन्ट साइन. इट्स लिटरली युअर जॉब."

दुसऱ्या दिवसाची तालीम खऱ्या वेळेला होती. तालीम बघायला बीजिंगहून आगाऊ आलेले दोन अधिकारी वह्या उघडून सावलीत बसले होते. मी सही केलेली नव्हती, तरी चाळीस माणसं उन्हात उभी होती. मला मात्र गाडीतून उतरताच एका कारकुनाने छत्री धरली. रांगेत पहिले होते आमचे शटरिंगचे मिस्त्री, नांदेडकडचे, पन्नाशी उलटलेले. पाहुण्यांशी बोलायला त्यांना चिनीतली दोन वाक्यं पाठ करायला लावली होती. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांना घाम येत नव्हता. कातडी कोरडी, डोळे माझ्यावर पण नजर भलतीकडेच. असा माणूस कधी कोसळतो ते मला ठाऊक आहे. ते शिकवायचाच मला पगार मिळतो.

माझ्या हातातल्या कार्डावर पहिला प्रश्न होता, "जेवण कसं असतं?" मी कार्ड खिशात घातलं आणि इंग्रजीत, रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं विचारलं, "ही माणसं या वेळी उन्हात का उभी आहेत?"

दुभाषी माझ्याकडे बघत राहिली. मग तालमीत करायचं होतं तेच तिने केलं, माझ्या वाक्याचं चिनी केलं, तितक्याच मोठ्याने. मुदीरचा चेहरा उतरला. पण तालमीतसुद्धा स्टेट कौन्सिलरला मध्येच तोडायची कोणाची छाती होईना. दोघे अधिकारी लिहीत होते. मी कारकुनाच्या हातातली छत्री घेऊन मिस्त्रींच्या डोक्यावर धरली आणि म्हणालो, "यांना आत न्या. सगळ्यांना." चाळीस माणसं आत गेली. मिस्त्रींना मी स्वतः ओल्या टॉवेलात गुंडाळलं. अर्ध्या तासाने ते बोलायला लागले तेव्हा म्हणाले, "साहेब, उगं कशाला नोकरीवर बेतून घेताव? आम्हाला सवय हाय." मला त्यांचाही राग आला.

पुढची गंमत दुभाषीने सांगितली. मुदीर म्हणाला, तो प्रश्न कार्डावर नव्हता, खोडून टाका. अधिकारी म्हणाले, नव्हता, पण पाहुणे विचारू शकतात, आणि आता वहीत आलाय. वहीत आलेला प्रश्न खोडायचा तर खोडला कोणी हेही लिहावं लागतं. तेव्हा उत्तर तयार ठेवा. प्रश्न टळेल असं उत्तर एकच होतं. तिसऱ्या दिवसाची तालीम थंड हवेचे पंखे लावलेल्या मोठ्या तंबूत झाली, झेंडे आत, माणसं आत. त्या आराखड्यावर मी आनंदाने सही केली. संध्याकाळी माझ्या बदलीचा कागद आला. अर्दिया भागातलं कंपनीचं गोदाम, उद्यापासून.

खरे पाहुणे आले तेव्हा मी गोदामात जुन्या हेल्मेटांच्या ढिगाऱ्यात बसलो होतो. दुपारी मिस्त्रींचा फोन आला. पाहुणे आठ-दहा मिनिटं थांबले, हात मिळवला, जेवण कसं असतं ते विचारलं. "उन्हाचं काहीच इचारलं न्हाई, साहेब. आन् आता तंबू उतरवायला लागलेत."

मी रात्रभर धुमसत होतो. सकाळी बायकोने डबा देताना विचारलं, "गोदामात ना?" मी म्हटलं, "आधी साइटवर." तिने डबा परत उघडून एक पोळी जास्त घातली. नवा सेफ्टीवाला अजून आलेला नव्हता, आणि गेटवरच्या सेफ्टीच्या फलकावर नाव माझंच होतं. अकराला मी शिट्टी फुंकली.

मुदीर तरातरा बाहेर आला, मागून दुभाषी. तो बरंच बोलला, तिने एवढंच सांगितलं, "साहेब म्हणतात, आता तुम्ही स्टेट कौन्सिलर नाही."

"त्यांना सांग, स्टेट कौन्सिलर येऊन गेले. मी उद्या अकरालाही येणार आहे."

तिने एकदा मुदीरकडे पाहिलं, आणि तालमीतल्यासारखं, रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्याचं चिनी केलं. मिस्त्री तोवर हातोडा खाली ठेवून सावलीकडे निघाले होते.